इटली पाहावी, पण थोडी

इटलीच्या सहलीची जी पत्रकं आपल्याकडे छापून येतात, त्यांत शहरांची नावं एका दमात म्हणावी अशी लिहिलेली असतात: रोम, पिसा, फ्लॉरेन्स, व्हेनिस, मिलान; जमलं तर व्हेरोना, आणि जाता जाता स्वित्झर्लंडही. आठ दिवस, सात रात्री. बारीक अक्षरं वाचायची सवय असणाऱ्यांना त्यात ‘बाहेरून दर्शन’ आणि ‘फोटो स्टॉप’ हे शब्दही सापडतात. या लेखाचं म्हणणं असं की इटली अशी यादी करून पाहणं हा पैशांचा आणि रजेचाही तोट्याचा व्यवहार आहे. हाताशी दहा-बारा दिवस असतील तर दोन शहरं धरावीत, फार तर तीन, आणि बाकीच्यांवर निःशंक मनाने फुली मारावी. ‘जरा निवांत फिरा हो’ असा हा मोघम सल्ला नाही. त्यामागची कारणं इटलीच्या इतिहासात आहेत, तिथल्या चर्चच्या वेळापत्रकात आहेत आणि बसचालकाच्या ड्युटीच्या तासांतही आहेत.

आधी इतिहास. देश म्हणून इटली आपल्या मुंबई-ठाणे रेल्वेपेक्षा वयाने लहान आहे. आपली पहिली गाडी धावली १८५३ मध्ये. इटलीच्या राज्याची घोषणा झाली १७ मार्च १८६१ रोजी, तीही तुरीन शहरात. व्हेनिस त्या राज्यात आलं १८६६ मध्ये, रोम १८७० मध्ये. तोवर राजधानी तुरीनहून फ्लॉरेन्सला गेली होती. त्याआधीची हजारेक वर्षं या भूमीवर अनेक स्वतंत्र राज्यं नांदली. व्हेनिसचं प्रजासत्ताक नेपोलियनने १७९७ मध्ये बुडवलं, तेव्हा ते हजार वर्षांहून जुनं होतं. फ्लॉरेन्सवर मेडिची घराण्याची सत्ता होती, रोम पोपचं होतं, नेपल्सला वेगळा राजा होता. प्रत्येकाची टांकसाळ निराळी, कायदे निराळे, बोली निराळी. फ्रान्समध्ये राजाने जे जे उत्तम ते पॅरिसला नेलं, म्हणून पॅरिस पाहिलं की फ्रान्सचा बराचसा ठेवा नजरेखालून जातो. इटलीत अशी गोळाबेरीज कुणी केलीच नाही. तिथे प्रत्येक शहर कधी ना कधी राजधानी होतं आणि राजधानीला साजेल एवढं भांडवल त्याने स्वतःपुरतं जमवलं. त्यामुळे पाच शहरांना धावती भेट देणारा माणूस पाच राजधान्यांच्या उंबऱ्यावरून परत येतो. संभाजीनगरला उतरून एकाच दिवसात वेरूळ, अजिंठा, दौलताबाद आणि बीबी का मकबरा उरकणाऱ्या पाहुण्याला आपण काय म्हणतो, ते आठवावं.

दुसरं कारण याहून महत्त्वाचं. इटलीतली पुष्कळशी कला ज्या भिंतीसाठी घडवली गेली, त्याच भिंतीवर आजही आहे. रोममध्ये पिआत्सा नव्होनाजवळ सान लुईजी देई फ्रांचेसी नावाचं फ्रेंच समाजाचं चर्च आहे. आत जायला तिकीट नाही. डाव्या बाजूच्या एका लहान चॅपेलमध्ये काराव्हाज्योची तीन चित्रं आहेत. त्यातल्या डावीकडच्या चित्रात जकातवसुली करणारा मॅथ्यू साथीदारांसह टेबलापाशी नाणी मोजत बसला आहे, आणि उजवीकडून आलेला येशू हात लांब करून त्याला बोलावतो आहे. १५९९-१६०० चं हे काम. पायात तंग विजारी, डोक्यावर पिसांच्या टोप्या, कमरेला तलवार: बायबलमधली माणसं चित्रकाराने त्याच्या काळच्या रोममधल्या गल्लीतून उचलून आणली आहेत. येशूच्या डोक्यावरून तिरपा उजेड येतो आणि मॅथ्यूच्या चेहऱ्यावर पडतो. आता चित्रावरून नजर काढून चॅपेलकडे पाहावं. वेदीच्या वर एक खिडकी आहे, आणि चित्रातला उजेडही त्याच बाजूने येतो. चित्रकाराने त्या जागेचा उजेड हिशेबात धरून चित्र रंगवलं. हे कुठल्याही छापील पुस्तकात कळत नाही, संग्रहालयाच्या पांढऱ्या भिंतीवर तर मुळीच नाही. चॅपेलमधला दिवा नाणं टाकून लावायची तिथे जुनी पद्धत आहे. काही मिनिटांनी तो विझतो, आणि पुढचं नाणं कोण टाकणार याची वाट पाहत सगळे अंधारात उभे राहतात. दुपारी चर्च बंद होतं. घाईत असलेल्या गटाला हे कसं परवडावं?

याची उलट बाजू पाहायची तर पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात जावं. मोनालिसाच्या समोरच्या भिंतीवर वेरोनेझेचं ‘काना गावातलं लग्न’ हे प्रचंड चित्र टांगलं आहे. व्हेनिसमधल्या सान जॉर्जो माज्जोरे मठाच्या भोजनगृहासाठी ते काढलेलं होतं. जेवायला बसलेल्या साधूंसमोर भिंतीवर मेजवानी मांडायची, अशी ती योजना. नेपोलियनच्या सैन्याने १७९७ मध्ये ते काढून नेलं. चित्र उत्तमच आहे, पण जेवणघर गेलं तशी त्यातली गंमतही निम्मी गेली.

रोमच्या सान क्लेमेंतेचंही असंच. कलोसियमपासून चालत काही मिनिटांवरचं हे चर्च रस्त्यावरून साधंच दिसतं. आत बाराव्या शतकातलं चर्च. जिना उतरून खाली गेलं की चौथ्या शतकातलं चर्च. आणखी खाली पहिल्या शतकातली रोमन बांधकामं, गल्ली, आणि मिथ्र देवतेच्या पूजेची ठेंगण्या छताची खोली. त्या तळाशी कुठूनतरी वाहत्या पाण्याचा आवाज येत राहतो. दोन हजार वर्षांचं रोम शाळेच्या पुस्तकात चार धड्यांत येतं. इथे ते तीन मजल्यांत येतं, आणि पाहायला तासाभराहून अधिक लागत नाही. पण हा तास पत्रकात कुठेच नसतो, कारण रोमला मिळालेल्या दीड दिवसात व्हॅटिकन, कलोसियम आणि नाणं टाकायचं ते त्रेव्हीचं कारंजं एवढ्यावरच गाडी थांबते.

आता वेळेचा हिशेब करू. आठ दिवसांत पाच शहरं म्हणजे चार वेळा मुक्काम हलवणं. पहिला दिवस उतरण्यात जातो, शेवटचा निघण्यात; उरले सहा. मुक्काम हलवायचा म्हणजे सकाळी बॅगा भरा, खाली आणा, प्रवास करा, नव्या हॉटेलात दुपारी खोली मिळेपर्यंत थांबा. प्रत्येक वेळी अर्धा दिवस धरला तरी दोन दिवस गेले. म्हणजे पाच शहरांच्या वाट्याला मिळून चार दिवस. त्यात बसचं गणित वेगळंच. युरोपात बसचालकाने दिवसाला साधारणपणे नऊ तासांपेक्षा जास्त गाडी चालवायची नाही, सलग साडेचार तासांनंतर पाऊण तास विश्रांती घ्यायची आणि रात्री ठरावीक तास गाडीपासून दूर राहायचं, असा कायदा आहे. कायदा चांगलाच आहे, आपल्याकडेही तो नीट पाळला तर किती जीव वाचतील. पण त्यामुळे बसने फिरणाऱ्या गटाची संध्याकाळ लवकर मावळते. शिवाय इटलीतल्या जुन्या शहरांच्या मध्यभागी वाहनांना मज्जाव असल्याने बस वेशीबाहेर उभी राहते आणि हॉटेलही बहुधा तिकडेच असतं. ज्या वेळी उन्हं उतरतात, दगडी रस्ते निवतात, आजी-आजोबांपासून तान्ह्या पोरांपर्यंत सगळं गाव नुसतं पाय मोकळे करायला चौकात येतं, नेमकं त्याच वेळी आपली मंडळी महामार्गालगतच्या हॉटेलात पनीरची भाजी खात असतात. पनीरशी वैर नाही. वेळ चुकते, एवढंच.

व्हेनिसमध्ये हा फरक सर्वांत जास्त जाणवतो. १९५१ मध्ये या बेटांवरच्या जुन्या शहरात पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं राहत होती. २०२२ मध्ये हा आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला. येणाऱ्यांपैकी बहुतेक लोक सकाळी येऊन संध्याकाळी जातात. त्यांना आळा घालण्यासाठी पालिकेने एप्रिल २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी, फक्त दिवसापुरतं येणाऱ्यांवर पाच युरोंचं प्रवेशशुल्क बसवलं. पुढच्या वर्षी उशिरा नोंदणी करणाऱ्यांसाठी ते दहा झालं. मार्गदर्शकाबरोबरच्या गटात पंचवीसपेक्षा जास्त माणसं नकोत आणि लाउडस्पीकर नको, असाही नियम केला. पालिकेच्या हद्दीत मुक्काम करणाऱ्याला शुल्क माफ आहे. (पलीकडच्या किनाऱ्यावरचं मेस्त्रे याच हद्दीत येतं, त्यामुळे तिथे हॉटेल घेणाऱ्यांना हा चिमटा बसत नाही.) शहराला काय हवं आहे हे यावरून स्पष्ट दिसतं: राहणारा पाहुणा. आणि पाहुण्याच्याही ते हिताचंच आहे. शेवटच्या गाड्यांनी गर्दी पांगली की सान मार्को चौकाच्या मागच्या गल्ल्यांतून बिनधास्त रस्ता चुकावा. व्हेनिसमध्ये रस्ता चुकण्यासारखी दुसरी करमणूक नाही. मात्र एक अडचण मान्य करायला हवी. मुक्कामी पाहुणे वाढले की घरमालक भाडेकरूंना काढून फ्लॅट पर्यटकांना देतात, आणि शहर आणखी रिकामं होतं. म्हणून अशा शहरात घर भाड्याने घेण्यापेक्षा लहानसं हॉटेल बरं.

फ्लॉरेन्सला जास्त दिवस द्यावेत, त्याला मराठी माणसाकडे एक-दोन जादा कारणं आहेत. मेडिची घराण्याची शेवटची वारस आन्ना मारिया लुईझा हिने १७३७ मध्ये नव्या राज्यकर्त्यांशी करार केला, की घराण्याच्या संग्रहातलं काहीही शहराबाहेर न्यायचं नाही. राज्याची शोभा, जनतेचा उपयोग आणि परदेशी माणसांचं कुतूहल, अशी कारणं तिने नोंदवली होती. आज उफ्फित्सी संग्रहालयापुढे रांग लागते ती या बाईच्या दूरदृष्टीमुळे. तिचे वडील ग्रँड ड्यूक तिसरे कोसिमो. जुन्या गोव्यात बॉम जेझू चर्चमध्ये सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव ज्या रंगीत दगडांच्या उंच चौथऱ्यावर आहे, तो या कोसिमोनेच पाठवला. फोज्जिनी या फ्लॉरेन्सच्या शिल्पकाराने तो घडवला आणि १६९८ मध्ये तो गोव्यात उभा राहिला. गोव्याला जाणारे हजारो लोक तो पाहतात. तेच दगडकाम जिथे जोपासलं गेलं त्या १५८८ च्या राजकारखान्याचं संग्रहालय फ्लॉरेन्समध्ये मायकेलअँजेलोच्या डेव्हिडपासून हाकेच्या अंतरावर आहे. अक्कीक, लाजवर्द आणि संगमरवराचे पातळ काप जोडून केलेले पक्षी नि फुलं तिथे मनसोक्त पाहता येतात, कारण डेव्हिडसमोरची गर्दी तिकडे फिरकत नाही. दुसरं कारण शहराच्या पश्चिम टोकाला, काशिने उद्यानाच्या शेवटी आहे. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडचा दौरा करून परतताना इथे आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी ऐन विशीत वारले. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांच्यावर हिंदू रीतीने अंत्यसंस्कार झाले. तेव्हा फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होतं. त्या जागी १८७४ मध्ये छत्री उभारली गेली. तिचा आराखडा चार्ल्स मँट यांचा, ज्यांनी पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडाही आखला. छत्रीत महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा आहे, आणि जवळच्या मोठ्या पुलाला फ्लॉरेन्सचे लोक आजही ‘त्या भारतीयाचा पूल’ म्हणूनच ओळखतात. एका दिवसात फ्लॉरेन्स उरकणाऱ्याला कोल्हापूरच्या राजाच्या छत्रीपर्यंत पोचता येत नाही.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो: आयुष्यात एकदाच जाणं होणार, मग सगळं पाहून घेतलेलं काय वाईट? आक्षेप खोटा नाही. लाखांत खर्च करायचा आणि पिसाचा मनोरा न पाहता यायचं, हे शेजारपाजारी समजावून सांगणंही अवघडच. पण एकदाच जायचं आहे म्हणूनच तर जे पाहू ते पुरतं पाहायला हवं. जर्मन कवी गटे १७८६ मध्ये इटलीत उतरला तेव्हा तोही घाईत होता. फ्लॉरेन्सला त्याने जेमतेम तीन तास दिले. घाई कशाची, तर रोमला पोचायची. रोमला पोचल्यावर मात्र त्याने दोन मुक्काम मिळून तिथे वर्षाहून अधिक काळ काढला. त्याने एक शहर सोडलं आणि एक धरलं. आपल्याकडे वर्ष नाही, पाच दिवस आहेत. सोडण्याचं आणि धरण्याचं तत्त्व तेच. शिवाय दोन शहरांत राहणं म्हणजे दोनच गावं पाहणं नव्हे. फ्लॉरेन्सहून पिसा रेल्वेने तासाभरावर आहे, लुक्का, सिएना, आरेत्सो हेही सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्यासारखे. रोमहून ओरव्हिएतो आहे, ओस्तिया आंतिका आहे. नेपल्स धरलं तर पाऊण तासाच्या आत पॉम्पेई. आणि नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात १९३८ मध्ये पॉम्पेईत सापडलेली हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती, जिच्याशी मिळत्याजुळत्या मूर्ती आपल्याकडे भोकरदनला आणि तेरला मिळाल्या आहेत. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या गावात मराठवाड्याशी नातं सांगणारी वस्तू! बॅगा मात्र सगळा वेळ एकाच खोलीत.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सत्तरीतले आई-वडील, अनोळखी भाषा, खिसेकापू, दगडी रस्त्यांवरची पायपीट, आणि शाकाहार. हे सगळं टूर कंपनी सांभाळते, मग तिला नावं का ठेवायची? नावं ठेवायची नाहीतच. गटाने जाणं ही पुष्कळांची गरज आहे. पण पाच शहरांचा कार्यक्रम कंपनीच्या हौसेने ठरत नाही; गिऱ्हाईक नावं मोजून पैसे देतं म्हणून ठरतो. नोंदणी करताना ‘किती शहरं’ ऐवजी ‘कुठे किती रात्री, आणि हॉटेल शहराच्या आत की बाहेर’ हे दोन प्रश्न विचारले तर कंपन्याही तसे कार्यक्रम आखतील. थकलेल्या माणसांना तर एकाच ठिकाणचा मुक्काम अधिक मानवतो: एखादी दुपार खोलीत पडून काढली तरी काही बुडत नाही. जेवणाचं म्हणाल, तर इटली हा युरोपातला शाकाहाऱ्यांना सोपा जाणारा देश आहे. टोमॅटोचा किंवा लसूण-तेलाचा पास्ता, तोस्कानाचं भाजी-पावाचं दाट सूप, सिसिलीची वांग्याची कापोनाता. पिसा-लिव्होर्नोकडे चेचिना मिळतं, ते तर बेसनाचं भट्टीत भाजलेलं धिरडंच. फक्त दोन गोष्टी सांभाळाव्यात: सूप मांसाच्या पाण्यात शिजवलं आहे का ते विचारावं, आणि पार्मेझान चीज मुळीच नको असं सांगावं, कारण त्यात वासराच्या जठरातलं विरजण असतं. कडक शाकाहारी माणसाला ते चालणार नाही.

राहिला पैसा. विमानाचं तिकीट, माणशी नव्वद युरोंचा व्हिसा आणि विमा हा खर्च दोन शहरं पाहिली काय नि सहा पाहिली काय, तेवढाच. शहरं वाढली की वाढतो तो प्रवासखर्च. वेगवान गाड्यांची तिकिटं लवकर काढली तर बरीच स्वस्त पडतात, आणि दोन मुक्कामांना असं एकच तिकीट लागतं. रोम ते फ्लॉरेन्स तर दीड तासाचा प्रवास. कॉफी काउंटरशी उभ्याने प्यावी, बसून प्यायलं की दर वाढतो. रोमच्या रस्त्यांवर सुमारे अडीच हजार नळ दिवसरात्र गार, पिण्याचं पाणी देतात. बाटल्या विकत घेणं हा निव्वळ अपव्यय. बहुतेक चर्च फुकट असतात, तेव्हा खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घालून निघावं. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं मोफत असतात खरी, पण त्या दिवशी शहाण्या माणसाने तिकडे जाऊ नये.

शाळांच्या सुट्यांनी आपल्याला बांधून ठेवलं असलं तरी इथे नशीब बरं आहे. मे महिना आणि ऑक्टोबरमधली दिवाळी, दोन्ही वेळा इटलीत हवा चांगली असते. जुलै-ऑगस्टचं ऊन टाळावं, आणि १५ ऑगस्टच्या आसपास तर निम्मी दुकानंच बंद असतात. मिलानला जाणार असाल तर लिओनार्दोच्या ‘शेवटच्या भोजना’ची वेळ कित्येक आठवडे आधी घ्यावी लागते, कारण तिथे मोजकीच माणसं पंधरा मिनिटांसाठी आत सोडतात. रोमच्या बोर्गेझे संग्रहालयात दोन तासांची वेळ मिळते, तीही आगाऊच. उफ्फित्सी सोमवारी बंद, व्हॅटिकनची संग्रहालयं बहुतेक रविवारी. हे एकदा मांडून घ्या, मग तिकिटं काढा. व्हिसाच्या अर्जासोबत मुक्कामाच्या हॉटेलांची बुकिंग जोडावी लागतात. ती दोनच असू द्या.